खुलासा: ४०१ आला नाही म्हणजे लॉगिन उघडं पडलं, असं नाही

सोलापुरातल्या आयटीवाल्यांच्या दोन-तीन ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, 'टॉमकॅटवर चुकीचा पासवर्ड टाकून ४०१ आला नाही तर सिक्युरिटी बंद आहे, सर्व्हर लगेच बंद करा'. टॉमकॅट म्हणजे जावातली वेब अॅप चालवणारा सर्व्हर, आणि ४०१ म्हणजे 'लॉगिन झालेलं नाही' असं सांगणारा त्याचा उत्तर-कोड. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका चादरवाल्याने ते वाचून बिलिंगच बंद ठेवलं म्हणे, म्हणून लिहितोय.

हे अर्धंच खरंय. बेसिक लॉगिन (ब्राउझरच छोटी खिडकी उघडून पासवर्ड विचारतो ते) असेल तर ४०१ येतो, बरोबर. पण आपल्याकडं बहुतेकांचं फॉर्म लॉगिन (अॅपच्या स्वतःच्या पानावर पासवर्ड टाकतो ते) असतं, तिथं टॉमकॅट स्वतःच लॉगिनचं किंवा एररचं पान पुढं करतो आणि कोड २०० (म्हणजे 'पान नीट दिलं') दाखवतो. मी कर्लने (कमांड देऊन लिंक उघडायचं टूल) लॉगिन न करता बिलांच्या पानाची लिंक मारून बघितली, २०० आला पण आत नुसता युजरनेम-पासवर्डचा फॉर्म, बिल एकही नाही. म्हणजे कोडवर जाऊ नका ओ, आत काय आलंय ते वाचा.

मग साध्या क्लार्कच्या लॉगिनने अॅडमिनचं पान उघडा, ४०३ (म्हणजे 'तुला परवानगी नाही') यायला पाहिजे. लॉगआउट करून जुन्या सेशन कुकीने (लॉगिन ओळखायला ब्राउझरकडं ठेवलेली खूण) तीच लिंक परत मारा, पुन्हा फॉर्मच आला पाहिजे, हे तर कुणी बघतच नाही.

अजून एक, चुकीचा पासवर्ड सारखा टाकत बसू नका. डिफॉल्ट सेटिंगला ५ चुकांनंतर युजर ३०० सेकंद लॉक होतो, मग बरोबर पासवर्डही चालत नाही आणि लोक म्हणतात सर्व्हर बिघडला.

तो मेसेज पुढं पाठवू नका, ज्या ग्रुपवर टाकला असेल तिथं हे टाका.