‘जाईचा वास कुठे गेला?’ या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार,

तुमचा दोन स्टारचा अभिप्राय वाचला. आमची इथिओपियातल्या यिर्गाचेफे भागाची सिंगल ओरिजिन (म्हणजे एकाच भागातल्या दाण्यांची) कॉफी कॅप्सूल, मशीनमध्ये घालायची छोटी बंद डबी, तुम्हाला ‘लिंबू पिळल्यासारखी’ आंबट लागली, शेवटी पाणचट झाली, आणि सोबतच्या कार्डावर सुचवलेलं 85 टक्के डार्क चॉकलेट खाल्ल्यावर तर तोंडच वाकडं झालं. डब्यावर छापलेला जाईचा वास मात्र कुठेच आला नाही.

आधी चॉकलेटचं बोलतो, कारण तिथे चूक सरळसरळ आमची आहे. ती जोडी आमच्या ब्राझीलच्या कॅप्सूलसाठी ठरवली होती. त्या कॉफीत आंबटपणा कमी आणि कोकोची, सुक्यामेव्याची चव जास्त. कार्डं छापताना तोच मजकूर इथिओपियाच्या डब्यातही गेला आणि आमच्यापैकी कुणीही चव घेऊन पाहिली नाही. काल मी घेतली. पहिला घोट छान होता. मग चॉकलेटचा तुकडा जिभेवर विरघळू दिला, दुसरा घोट घेतला, तर फूलबिल सगळं गायब! उरला नुसता आंबट-तुरटपणा, जीभ टाळूला चिकटल्यासारखी. तुम्ही लिहिलंय त्यात काही वाढवून सांगितलेलं नाही.

या कॉफीला लोण्याचं, किंचित खारट बिस्किट चालतं. नुसते भाजलेले बदामही चालतात. फार गोड केक नको, गोडावर ही आणखी आंबट लागते.

आंबटपणाबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. यिर्गाचेफेची कॉफी 1,700 मीटरच्या वरच्या उंचीवर, थंड हवेत सावकाश पिकते. आमचा लॉट वॉश्ड आहे, म्हणजे फळाचा गर काढून, बिया धुऊन मग वाळवलेल्या. अशा कॉफीत लिंबाची आठवण यायलाच हवी. जाई-लिंबाचा फ्लेवर आम्ही वरून घालत नाही, असतं ते दाण्यातलंच. कडक, दूध घालून प्यायची कॉफी आवडत असेल तर ही तुमच्यासाठी नाही, आणि हे डब्यावर स्पष्ट लिहायला हवं होतं.

राहिला पाणचटपणा. कप लहान वाटला म्हणून त्याच कॅप्सूलवर मशीनचं बटण दुसऱ्यांदा दाबलं, असं तुम्ही लिहिलंय. एका कॅप्सूलमध्ये जेमतेम 5 ते 6 ग्रॅम कॉफी असते. पहिल्या 40 मिलीतच तिचा चांगला भाग उतरतो, त्यानंतर येतं ते फिकं आणि कडवट पाणी. दोष तुम्हाला देत नाही. 40 मिलीचा आकडा आम्ही डब्याच्या मागे, मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत छापलाय. पुढच्या छपाईत तो पुढच्या बाजूला येईल.

चुकीची कार्डं काढून टाकली आहेत. पूर्ण पैसे परत हवे असतील तर ऑर्डर क्रमांक कळवा, काही विचारणार नाही. डब्यात कॅप्सूल उरल्या असतील, तर एकदा कप गरम पाण्याने विसळून घ्या, एकदाच बटण दाबा, वरचा फेस ढवळा आणि दोन-तीन मिनिटं थांबा. वास जरा निवल्यावरच येतो. तरीही आला नाही, तर तेही इथेच लिहा.