मुलींच्या हातात माऊस

मुलींच्या हायस्कुलात अ‍ॅनिमेशन आणि कोडिंग शिकवावं, असं तुमच्या लेखात म्हटलंय. पटलं. पण नोकरीच्या संधी हेच कारण पुढे का करता? मी गोव्यातल्या फोंडा तालुक्यात आठवीला कॉम्प्युटर शिकवते. आमची शाळा मुलामुलींची. एका पीसीवर तिघं बसली की माऊस कुणाच्या हातात असतो, ते मी रोज बघते. मुली शेजारी बसून वहीत उतरवून घेतात. फक्त मुलींच्या वर्गात निदान ही खेचाखेच तरी नाही.

गेल्या गणेश चवथीआधी मी मुद्दाम मुलींचा वेगळा गट केला आणि स्क्रॅचमध्ये, म्हणजे सूचनांचे ठोकळे जोडून कोडिंग शिकवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, रांगोळी काढायला सांगितली. (2007 साली अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाने आणलेलं स्क्रॅच फुकट आहे, इंटरनेटशिवायही चालतं. आमच्याकडे पावसाळ्यात ते फारच उपयोगी!) एकीने पेन खाली टेकवून पाच वेळा पुढे जा, 70 अंश वळ, असे ठोकळे लावले. पाकळी काही मिटेना. घरी ठिपक्यांची रांगोळी डोळे झाकून काढणारी ही पोर, चिडलीच. मग वहीत 360 भागिले 5 केलं आणि ओरडली, "टीचर, 72!" भूमितीच्या तासाला तिला कधी बोलताना ऐकलं नव्हतं.

सहावी ते आठवीसाठी सरकारची कोडिंग-रोबोटिक्स योजना आहे, चांगलीच आहे. पण नववीत गेल्यावर दहावीच्या नावाने लॅबला कुलूप लागतं, त्याचं काय? लेखात त्यावर एक ओळही नाही.