‘सात नियम पाठ करा, इंग्रजी चुकणार नाही’ म्हणणाऱ्या फॉरवर्डची झाडाझडती

कोल्हापुरातल्या अभ्यासिकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. इंग्रजीतल्या सारख्या दिसणाऱ्या शब्दांचे सात नियम, खाली हात जोडल्याचं चिन्ह आणि ‘प्रत्येक विद्यार्थ्यापर्यंत पोहोचवा’. दावा असा, की अक्षर बदललं की अर्थ बदलतो. तेवढं अक्षर ध्यानात ठेवा, वाक्य वाचत बसायची गरज नाही. माझ्याकडे शिकणारी पोरं ‘सर, पाठ झालं’ म्हणून हा मेसेज दाखवतात. वाक्य न वाचता शब्द ओळखायचा, हेच मुळात चुकीचं शिकवणं आहे. तरी एकेक नियम बघू.

पहिला: अफेक्ट म्हणजे क्रियापद, इफेक्ट म्हणजे नाम, नेहमीच. ‘नेहमीच’ खोडा, मग ठीक. २०१९ च्या महापुरात शिरोळ तालुका ‘अफेक्ट’ झाला, त्याचा शेतीवर ‘इफेक्ट’ झाला, इथपर्यंत बरोबर. पण इफेक्ट क्रियापद म्हणूनही येतं आणि तेव्हा त्याचा अर्थ होतो घडवून आणणं. राजर्षी शाहू महाराजांनी १९०२ साली करवीर संस्थानच्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी ५० टक्के जागा राखीव ठेवल्या. त्यांनी बदल ‘इफेक्ट’ केला. इथे नियम पाळून ‘अफेक्ट’ लिहिलंत तर अर्थ निघतो, की बदल आधीच चालू होता आणि महाराजांचा त्यावर थोडाफार परिणाम झाला. कुठे घडवणं आणि कुठे परिणाम होणं! शिवाय मानसोपचारात अफेक्ट हे नाम आहे, म्हणजे रुग्णाच्या चेहऱ्यावर, आवाजात दिसणारा भाव. तेव्हा उच्चारताना जोर शब्दाच्या पहिल्या भागावर देतात.

दुसरा नियम सगळ्यात लोकप्रिय: सी असेल तर नाम, एस असेल तर क्रियापद, अॅडव्हाइस, प्रॅक्टिस, लायसन्स, तिन्हींना तोच कायदा. इथे दोन वेगळ्या गोष्टींची खिचडी झालीय. अॅडव्हाइसचं नाम ‘स’ वर संपतं आणि क्रियापद ‘झ’ वर. कानालाच फरक कळतो, म्हणून जगभर स्पेलिंगही वेगळंच राहिलं. प्रॅक्टिस आणि लायसन्सचा उच्चार मात्र दोन्हीकडे एकच. ब्रिटिशांनी तिथे सी-एसचा भेद कागदावर पाळला, अमेरिकनांनी सोडून दिला. ते प्रॅक्टिस सगळीकडे सी ने लिहितात आणि लायसन्स सगळीकडे एस ने. आपली सरकारी इंग्रजी ब्रिटिश वळणाची, त्यामुळे १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात ड्रायव्हिंग लायसन्स हे नाम सी नेच आहे. परीक्षेत तेच लिहा. पण शिरोली एमआयडीसीतल्या एखाद्या फाउंड्रीला अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाची मेल आली आणि त्यात नाम असून एस वालं लायसन्स दिसलं, तर त्याला अडाणी समजू नका. त्याच्या गावी तेच शुद्ध.

तिसरा: प्रिन्सिपलच्या शेवटी ‘पाल’ म्हणजे दोस्त, म्हणून तो शब्द फक्त माणसासाठी, बाकी सगळीकडे शेवटी ‘एलई’ असलेला, तत्त्व या अर्थाचा. युक्ती गोड आहे, पण पतसंस्थेच्या कर्जाच्या कागदावर आपटते. तिथे प्रिन्सिपल म्हणजे मुद्दल. ना माणूस, ना दोस्त! आणि सर्किट बेंचसाठी, म्हणजे उच्च न्यायालयाचं पीठ इथे यावं म्हणून, वर्षानुवर्षं आंदोलनं पाहिलेल्या कोल्हापूरकराला तर हा शब्द नवा नसावा. १८ ऑगस्ट २०२५ ला इथलं बेंच सुरू झालं, तरी उच्च न्यायालयाचं मुख्य पीठ मुंबईत, ते ‘प्रिन्सिपल सीट’. मुख्य या अर्थाचं विशेषण आणि मुद्दल या अर्थाचं नाम, दोन्हींचं स्पेलिंग प्राचार्यांसारखंच.

लूज आणि लूझबद्दल मेसेज बरोबर आहे. सैल असलेल्याला दोन ओ, हरवण्याला एक. पुढे जाऊ.

पाचवा नियम मला सगळ्यात आवडला, कारण तो इचलकरंजीतल्या कुठल्याही कामगाराने दिवसाढवळ्या खोटा पाडावा असा आहे. म्हणे, आयएनजी लावताना शेवटचा ई जातो, अपवाद नाही. सुताला खळ लावण्याचं सायझिंग: साइझमधला ई गेला, कबूल. मग विणलेलं ग्रे, म्हणजे अजून न धुतलेलं-रंगवलेलं, कापड प्रोसेसला येतं. तिथे गॅसच्या ज्योतीवरून ते झपाट्याने नेऊन वर आलेली लव जाळतात, ते सिंजिंग. यात ई ठेवावाच लागतो. काढलात तर कापड जळण्याऐवजी गायला लागेल, कारण गाण्याच्या सिंगिंगचं स्पेलिंग नेमकं तेच. पुढे रंगवणं, म्हणजे डाइंग. तिथेही ई राहतो. गाळला तर ते मरण्याचं डाइंग होतं. ई गाळलेली ‘डाइंग हाउस’ अशी पाटी रंगवली तर कारखाना शेवटच्या घटका मोजतोय असं वाचलं जाईल (मंदीत ते खरंही असेल, पण मालकाला तसं म्हणायचं नसतं). एकाच धंद्यातले तीन शब्द, त्यातले दोन नियमाला धाब्यावर बसवतात.

सहावा: ए वाली स्टेशनरी म्हणजे स्थिर, ई वाली म्हणजे वह्या-पेनं, आणि दोन्हींचा काडीचाही संबंध नाही. अर्थ बरोबर, शेवटचा भाग चूक. दोन्ही शब्द एकाच लॅटिन मुळाचे. मध्ययुगीन युरोपात बहुतेक विक्रेते फिरते असायचे. पुस्तकं आणि लेखनसाहित्य विकणारा मात्र विद्यापीठाजवळ एका जागी दुकान मांडून बसायचा, म्हणून तो स्टेशनर. महाद्वार रोडवरचा फेरीवाला आणि दुकानदार यांच्यातला फरक आठवा, की संबंध आपोआप डोक्यात बसतो. घोकण्यापेक्षा हे सोपं नाही का?

सातवा नुसता चूक नाही, धोक्याचा आहे. ‘इन’ लागलं की अर्थ उलटा, म्हणून फ्लेमेबल म्हणजे पेटणारं आणि इन्फ्लेमेबल म्हणजे न पेटणारं, असं मेसेज ठासून सांगतो. दोन्हींचा अर्थ एकच: चटकन पेट घेणारं. इथलं ‘इन’ नकाराचं नाहीच, ते पेटवण्याच्या लॅटिन क्रियापदातून आलंय. हाच घोटाळा लोकांच्या जिवावर बेतेल म्हणून विसाव्या शतकात अमेरिकेतल्या अग्निसुरक्षावाल्यांनी इशाऱ्यांसाठी ‘फ्लेमेबल’ हाच शब्द वापरायचा आग्रह धरला. न पेटणाऱ्याला नॉन-फ्लेमेबल म्हणतात. पुणे-बंगळूर हायवेवर गोकुळ शिरगावच्या पुढे-मागे टँकरच्या पाठीवर ‘हायली इन्फ्लेमेबल’ लिहिलेलं असतं, ते ‘अजिबात पेटत नाही’ अशी जाहिरात करायला नव्हे. शंका आली तर अक्षरं सोडा, शेजारचा तिरका लाल चौकोन बघा: आत ज्वाळेचं चित्र आणि खाली ३ हा आकडा असेल, तर आत पेटणारा द्रव आहे. बिडी विझवा आणि लांब राहा.