आरओचं पाणी बॅटरीत नको

इन्व्हर्टरच्या बॅटरीची काळजी कशी घ्यायची यावरच्या एका लेखात, पातळी उतरल्यावर बॅटरीत 'आरओचं पाणीही चालतं' असं म्हटलंय, ते चूक आहे. आरओमधून क्षार कमी होतात, जात नाहीत. शिवाय बऱ्याच घरगुती मशीनमध्ये चवीसाठी टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) मुद्दाम वाढवून ठेवलेला असतो. हे क्षार आणि क्लोराइड बॅटरीच्या आतल्या प्लेटा खातात, मग चार तास चालणारी बॅटरी दीड तासात मान टाकते. डिस्टिल्ड वॉटरचा ५ लिटरचा कॅन बॅटरीच्या किमतीपुढे काहीच नाही. आणि पातळी उतरली म्हणून ॲसिड तर अजिबात ओतू नका. उडतं ते पाणी, ॲसिड आतच राहतं.

पाणी कधी घालायचं हे लेखात आलंच नाही. लोडशेडिंग संपल्यावर लगेच नाही, बॅटरी पूर्ण चार्ज झाल्यावर. चार्जिंगमध्ये पातळी वर चढते. आधीच काठोकाठ भरलं तर ॲसिडमिश्रित पाणी झाकणातून बाहेर येतं आणि टर्मिनलवर पांढरा-हिरवट थर धरतो. तो काढायला इन्व्हर्टर बंद करून आधी निगेटिव्ह वायर सोडवा, कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून जुन्या ब्रशने घासा (झाकणं घट्ट लावून, सोडा आत गेला तर बॅटरीचं नुकसान), कोरडं पुसून व्हॅसलिन लावा.