हाताला येतं, तोंडाला येत नाही

शनिवारी नळस्टॉपला चहा हातात पडायच्या आतच वाद पेटला. अप्पांचा नातू यंदा दहावी झालाय. त्याच्या कल चाचणीचा जाडजूड अहवाल अप्पा पिशवीतून घेऊनच आले होते.

"इंजिनिअरिंगकडे कल आहे म्हणतात."

"चालू मशीन जवळून बघितलंय का त्यानं कधी?" शेठनं विचारलं. भोसरीत त्याचं छोटं वर्कशॉप आहे. "चार दिवस पाठवा माझ्याकडे."

"एवढ्याशा पोराला कामाला जुंपू?"

"जुंपायचं कोण म्हणतंय? अठराच्या आतल्या मुलाला धोक्याच्या कामावर ठेवायला 2016 पासून कायद्यानंच बंदी आहे. हात नाही लावायचा, नुसतं बघायचं."

मी म्हटलं, "अप्पा, तुम्ही स्वतः रयतच्या वसतिगृहात राबून शिकलात ना?" 1919 मध्ये कर्मवीरांनी संस्था काढली ती याच रीतीवर, हे अप्पांनीच आम्हाला शंभरदा सांगितलंय.

अप्पा एकदम गंभीर झाले. "ती गरज होती रे. बागेला पाणी घालून मग वर्गात जायचं, पहिल्या तासाला डोळे मिटायचे. नातवावर ती वेळ येऊ नये म्हणून तर जन्मभर बँकेत खर्डेघाशी केली."

यावर कोणाला पटकन बोलता येईना. त्यांचं खोटं नव्हतंच.

मग शेठनं गेल्या महिन्यातली गोष्ट सांगितली. आयटीआयचा फिटर झालेला एक मुलगा अप्रेंटिसशिपसाठी आला होता. बायोडेटावर छंद: वाचन, संगीत. दोन वर्षांत काय केलंस विचारलं, तर मान खाली. शेठनं त्याच्या हातात व्हर्निअर, म्हणजे बारीक मापं घ्यायचं साधन, दिलं. पोरानं आधी जबडे पुसले, मिटवून शून्य जुळतंय का बघितलं, मग जॉब, म्हणजे मापायचा तुकडा, मापला. "हाताला सगळं येत होतं, पण सांगता येईना. त्याला समोर बसवून 'तू काय केलंस ते सांग' असं कोणी म्हटलंच नव्हतं."

मला हे फार लागलं. क्लासच्या फिया आपण भरतो, बारावी की डिप्लोमा यावर रात्री जागवतो. पण पोराशी अर्धा तास असं बोलत बसत नाही. मीही माझ्या मुलीशी बसलेलो नाही.

"त्या मुलाला घेतलंस का?" अप्पांनी विचारलं.

"घेतलं की."

अप्पांनी अहवाल पिशवीत ठेवला. "चारच दिवस. आणि मी सोबत येणार."

"या. पण दोघंही बूट घालून या, चपलेवर मी कोणाला आत सोडत नाही."