पाळकसाहेब आइसलँडहून काय घेऊन आले?

सगळ्यांना सलाम. पोस्ट लांबणार आहे, आधीच सांगतो.

आमचे पाळकसाहेब, म्हणजे आमच्या चर्चचे पास्टर, आइसलँडला जाऊन आले हे एव्हाना अख्ख्या मंडळीला आणि निम्म्या सोलापूरला माहितेय. तिकीट तिकडच्या मंडळीनं काढलं, आपल्या वर्गणीतला रुपया गेलेला नाही हे खजिनदारांनी उपासनेनंतर उभं राहून सांगितलं, तरी व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुजबुज चालूच. एक जण म्हणतो, पर्यावरणाचं गाव बघायला एवढ्या लांब कशाला, हिवरे बाजार काय वाईट होतं? (वाईट नाहीच, एकदा सगळ्यांनी जाऊन या.) दुसऱ्याचं एकच, फंड किती आणला ते सांगा.

फंड काही आणलेला नाही. पण त्या दिवशी त्यांच्या घरी बसून सगळे व्हिडिओ बघितले, तेव्हापासून डोक्यात जे चाललंय ते लिहितोय.

गावाचं नाव सोलहेमार. राजधानी रेक्याविकपासून गाडीनं तासाभरावर, वस्ती शंभरेक माणसांची. सेंद्रिय भाजी, ग्रीनहाऊस, रोपवाटिका, जमिनीतून येणाऱ्या गरम पाण्यावर घरं उबदार ठेवायची, हे सगळं आहेच आणि फोटोत लई भारी दिसतं. पण हे गाव सुरू झालं ते मुलांचं घर म्हणून. सेसेल्या सिग्मुंड्सदोत्तिर नावाच्या बाईनं ५ जुलै १९३० ला, स्वतःच्या अठ्ठाविसाव्या वाढदिवशी, ते सुरू केलं. इमारत नव्हती तर पहिले काही महिने मुलं तंबूत. पुढं बौद्धिक अपंगत्व असलेली मुलं आली आणि बाईनं त्यांना बाकीच्या मुलांबरोबरच वाढवलं, एकाच घरात, एकाच टेबलावर. सरकारी लोकांना ते खटकायचं, मुलांना एवढा पाला काय खायला घालते हेपण खटकायचं, बाईला तिथून काढायचा प्रयत्न झाला, प्रकरण कोर्टात गेलं, पण ती काही हटली नाही. १९७४ ला वारली. घराचं हळूहळू गाव झालं. आता तिथं अपंगत्व असलेली मोठी माणसं राहतात, मेणबत्त्या करतात, मातीची भांडी करतात, बागेत राबतात आणि विणतातसुद्धा.

विणतात म्हटल्यावर सोलापूरचा माणूस पुढं सरकून बघणारच. व्हिडिओत एक पन्नाशीचा माणूस मागावर बसलाय. पाळकसाहेब मोबाईल घेऊन जवळ गेले तर त्यानं मान वर न करता नुसता हात हलवला, बाजूला व्हा म्हणून, सावली पडत होती कापडावर. साहेब हसत हसत सांगत होते, मला मात्र तो हात फार आवडला. त्याचं काम चाललंय, पाहुणा कुठून का आलेला असेना.

त्याच गावातला रेनिर पेटुर नावाचा माणूस, तोही तिथलाच रहिवासी, १९८५ ला अख्ख्या आइसलँडला पायी फेरी मारून आला, गावात क्रीडागृह बांधायला पैसे उभे करायला. वारीच्या वाटेवरच्या आपल्या लोकांना चालण्याचं काय अप्रूप म्हणा. पण पैसे त्यानं स्वतः चालून उभे केले, त्याचे फोटो दाखवून दुसऱ्या कुणी नाही.

आता आपल्याकडचं. मुलं ठेवतात अशी एक संस्था, नाव घेत नाही. रविवारी दुपारी गेलो होतो, एका दुपारीत तीन पार्ट्या वाढदिवसाच्या. मुलं रांगेत उभी, टाळ्या, हॅपी बर्थडे, केक, फोटो, परत रांग. तिसऱ्या केकला एक सात-आठ वर्षांचं पोरगं बोटानं क्रीम बाजूला काढून नुसता पाव खात होतं. ज्यांचा वाढदिवस ते कुटुंब खूश होऊन गेलं, फेसबुकवर फोटोपण टाकले, आणि त्या पोराचा वाढदिवस कधी असतो ते तिथं कुणाला पटकन सांगता आलं नाही.

अनाथ मुलांचं काम आपल्या जिल्ह्याला नवीन नाही. पंढरपूरचा बालकाश्रम १८७५ चा, प्रार्थना समाजाच्या लालशंकर उमियाशंकरांनी काढलेला. आजही मंगलताई शहांची ‘पालवी’ एचआयव्ही असलेली मुलं सांभाळते, जी घरच्यांनीही नाकारलेली असतात. अशी घरं लागतातच, त्यावर माझं काही म्हणणं नाही. पण कुंपण घालून भलं करायचा इतिहासही आपलाच आहे. सोलापूरच्या सेटलमेंटची तार आठवा, इंग्रजांच्या काळातली कुंपणातली वसाहत. ‘गुन्हेगार जमाती’ म्हणून कुटुंबंच्या कुटुंबं आत, हजेरी द्यायची, आणि ती वसाहत काही वर्षं ख्रिस्ती मिशननं चालवली, म्हणजे आपल्याच लोकांनी, चांगल्या हेतूनं. गुन्हेगार जमातींचा तो कायदा गेला १९५२ ला. चर्चच्या इतिहासाच्या पुस्तिकेत हे दोन ओळींत उरकतात, ते मला कधीच पटलेलं नाही.

संस्थेतल्या किती पोरांना आई आहे, आजी आहे, मामा आहे ते जरा विचारून बघा. बाप गेला, आई विड्या वळते, हजार विडीमागं मिळतं काय, म्हणून पोरगं संस्थेत. अशा घरांसाठी सरकारची बालसंगोपन योजना आहे, एका मुलामागं महिन्याला २२५० रुपये, मूल घरीच राहतं. पण दाखला, उत्पन्न, रेशनकार्ड, बँक खातं, मग बालकल्याण समितीपुढं उभं राहायचं, विडी कारखान्याचा खाडा करून त्या बाईनं कितीदा चकरा मारायच्या? आपल्या युवक संघात ग्रॅज्युएट पोरं पडलीत पैशाला पासरी, दर शनिवारी दोघंजण फॉर्म भरायला बसली तरी चार पोरं आईजवळ राहतील. केकपेक्षा स्वस्त पडेल.

आणि एक गोष्ट लगेच करण्यासारखी. तिकडं बार्नाहेइल म्हणून मुलांसाठीची संस्था आहे, दर वसंतात लोकांच्या घरी पडलेल्या जुन्या सायकली गोळा करते, स्वयंसेवक दुरुस्त करतात, ज्या मुलांना परवडत नाही त्यांना देतात. पाळकसाहेबांना सगळ्यात जास्त तेच आवडलं, आणि येत्या कमिटीत विषय ठेवणार म्हणालेत. तुमच्या जिन्याखाली, गच्चीवर धूळ खात पडलेली सायकल असेल तर काढून ठेवा, ट्यूब-टायर गेलेलं चालेल, चेन गंजलेली चालेल. दुरुस्तीला आमच्या गल्लीतला मिस्त्री तयार आहे, फक्त स्पेअरचे पैसे द्यायचेत. वाटप शाळेतल्या बाईंमार्फत, पोराच्या घरी. स्टेज नाही, बॅनर नाही, फोटो नाही. कमिटीतल्या ज्यांना फोटोशिवाय जमत नाही त्यांनी आत्ताच सांगावं, नंतर भांडण नको.