गट करा!

‘गट करा’ एवढं म्हटलं की वर्गात जे होतं त्याला इतिहासात स्थलांतर म्हणतात. बाकं सरकतात, दप्तरं कोसळतात, कोणाची तरी बाटली उघडीच राहिलेली असते आणि ती नेमकी दुसऱ्याच्या वहीवर आडवी होते. माझ्या सहावीचा पट ४१. दोघादोघांचे गट करा, चौघांचे करा, पाचांचे करा, एक जण उरतोच. तो ‘सर, मी कुठे?’ म्हणत माझ्यामागे फिरतो आणि ज्या गटात बसवावं तो गट कोरसमध्ये ‘सर, हा नको!’ म्हणतो. मूळ संख्या शिकवायला मला वेगळा उपक्रम लागत नाही.

मुलांना गुंतवून ठेवा, असं प्रत्येक प्रशिक्षणात सांगतात. सांगितलं जातं तेव्हा आम्ही शिक्षक मागच्या बाकांवर मोबाइल बघत असतो, तो भाग वेगळा.

जिगसॉचंच घ्या. एलियट अ‍ॅरॉन्सन या मानसशास्त्रज्ञानं १९७१ साली अमेरिकेतल्या ऑस्टिन शहरात ही पद्धत वापरात आणली. वेगवेगळ्या वंशांची मुलं तिथं नुकतीच एका वर्गात बसायला लागली होती आणि एकमेकांवर डोळे वटारून होती. त्यांना एकमेकांची गरज भासावी म्हणून धड्याचे तुकडे करून प्रत्येकाला एकच द्यायचा. त्यानं तो पक्का करून गटातल्या बाकीच्यांना शिकवायचा. कल्पना बिनतोड आहे. मी ज्वालामुखीचा धडा घेतला. लाव्हा बाहेर कसा येतो, हा तुकडा ज्याच्याकडे होता तो दुसऱ्या दिवशी तापानं गैरहजर. त्या गटाचा ज्वालामुखी आजतागायत निद्रिस्त आहे. दुसऱ्या गटातल्या एकीनं शिकवणं इतकं मनावर घेतलं, की लक्ष देत नाहीत म्हणून तिघांना उभं केलं, वर ‘हसताय काय? मलाही सांगा, मीही हसते!’ म्हणाली. हे कुठे शिकलीस, असं अगदी ओठांवर आलं होतं. विचारलं नाही.

पण सगळ्यात अवघड उपक्रमाला साहित्य काहीच लागत नाही. प्रश्न विचारायचा आणि गप्प बसायचं. मेरी बड रो या संशोधिकेनं १९७०च्या दशकात वर्गांतली ध्वनिमुद्रणं तपासली, तेव्हा असं दिसलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात. तेच तीनेक सेकंद थांबलं, तर उत्तरं लांबतात, गप्प बसणारी मुलं बोलायला लागतात. तीन सेकंदांत काय मोठंसं, असं वाटत असेल तर ४१ मुलांसमोर एकदा तोंड मिटून उभे राहा. ‘दुपारी सावली आखूड का होते?’ मी विचारलं. पहिल्या सेकंदाला पुढच्या बाकावरचा हुशार हात नाचवत अर्धा उभा राहिला. दुसऱ्याला माझ्याच जिभेवर उत्तर वळवळायला लागलं. तिसऱ्याला वर्ग चपापला. सर चिडले बहुतेक. आणि मग कोपऱ्यातून, वर्ष सुरू झाल्यापासून ‘हजर’ यापलीकडे अक्षर न बोललेली मुलगी म्हणाली, ‘सूर्य वर येतो म्हणून. पण सर, मग ती पूर्ण जात का नाही?’

या वेळी तीन सेकंद मला लागले.

सुतळीनं डब्यांच्या झाकणांचा घेर मोजून त्याला व्यासानं भागायचं, हाही एक नामी उपक्रम. आर्किमिडीजनं ९६ बाजूंच्या बहुभुजाकृती घेऊन पायची किंमत २२३/७१ आणि २२/७ यांच्यामध्ये पकडली. त्याच्या सुतळीनं कोणी शेजाऱ्याचं दप्तर बाकाला बांधत नसावं. आमच्याकडे एका गटाचं उत्तर २.८ आलं, एकाचं ३.५ आणि एकाचं बरोब्बर ३.१४१५९. त्या गटाकडची सुतळी गुंडाळी न सोडता तशीच पडली होती.

मोबियसच्या पट्टीनं मात्र सगळ्यांनाच गप्प केलं. कागदी पट्टीला अर्धा पीळ देऊन टोकं चिकटवायची आणि मधोमध कापत जायचं. दोन कड्या सुटतील म्हणून टपलेल्या मुलांच्या हातात एकच लांबलचक कडी येते. १८५८ साली मोबियस आणि लिस्टिंग या दोघांनी ही पट्टी स्वतंत्रपणे शोधली, हे सांगायला मी तोंड उघडलं, पण ऐकतंय कोण! कोणीतरी कडेपासून एक तृतीयांश अंतरावरून कापलं होतं आणि एकमेकींत अडकलेल्या दोन कड्या निघाल्या होत्या, एक मोठी, एक छोटी. मग जो जल्लोष झाला, त्यानं शेजारच्या वर्गातल्या बाई दारात आल्या.

‘अय्या, सर, तुम्ही आहात होय! मला वाटलं, वर्गावर कोणीच नाही.’

तास संपताना दाराशी चिठ्ठ्या घेतो. आज काय कळलं, ते एका ओळीत लिहायचं. बऱ्याच जणांनी ‘खूप मजा आली’ लिहून पिच्छा सोडवला होता. एकाला कळलं होतं की कात्री एकच आहे आणि ती नेहमी मुलींकडेच जाते. एकानं पट्टीला पाच पीळ देण्याची परवानगी मागितली होती. आणि एका चिठ्ठीत, सुवाच्य अक्षरात: ‘आज सर प्रश्न विचारून मधेच गप्प होत होते. त्यांना बरं नसेल तर उद्याची चाचणी पुढे ढकलावी.’